राष्ट्र कशानं बनतं? : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की शाळेच्या भाषणांत 'राष्ट्र' हा शब्द सारखा कानावर पडतो, पण राष्ट्र म्हणजे नेमकं कोण, हे मुलांना कुणी समजावून सांगत नाही. त्यावर पुष्कळ पत्रं आली. त्यांतली काही इथं घेतली आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात मी दिवसा शाळेत आणि संध्याकाळी रात्रशाळेत इतिहास, नागरिकशास्त्र शिकवलं. यंत्रमागावर काम करणारी पोरं, विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुली माझ्या वर्गात असायच्या. जे काही शिकले ते पुस्तकांइतकंच त्यांच्याकडून शिकले, त्यामुळे उत्तरांत सोलापूर येणारच.

प्रश्न : मी अकरावीत आहे. अक्कलकोट तालुक्यात आमचं गाव. घरी आम्ही कन्नड बोलतो, शाळा मात्र पहिलीपासून मराठी. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी 'माझे राष्ट्र' हा विषय आहे. मला जे मुद्दे लिहून दिले त्यांतलं पहिलंच वाक्य असं : एक भाषा, एक धर्म आणि एक संस्कृती असलेल्या लोकांचा समूह म्हणजे राष्ट्र. हे म्हणताना मी दर वेळी अडखळते. हे खरं असेल तर आमचं घर कुठं बसतं?

उत्तर : बाळ, ते वाक्य पाठ करणं आधी थांबव. तू अडखळतेस ते योग्यच आहे, कारण जगाचा नकाशा उघडला की ते वाक्य टिकत नाही.

अरबी भाषेचे वीसहून जास्त देश आहेत. भाषा एक, बहुसंख्यांचा धर्म एक, तरी राष्ट्रं निरनिराळी. उलट स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा आहेत आणि तो देश व्यवस्थित चालला आहे. सोमालियात जवळजवळ सगळ्यांची भाषा एक आणि धर्मही एक. तिथलं सरकार १९९१ साली कोसळलं आणि लोक कुळाकुळांत वाटले जाऊन एकमेकांच्या जिवावर उठले. आपल्या शेजारचं उदाहरण तर तुझ्या पाठ्यपुस्तकातलंच आहे. १९४७ मध्ये धर्माच्या आधारावर पाकिस्तान झालं. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगाली भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला. दोन्ही बाजूंचा धर्म एकच होता. पण पश्चिमेकडचे सत्ताधारी पूर्वेकडच्या माणसांना बरोबरीचं मानायला तयार नव्हते, आणि धर्म तेवढी कसर भरून काढू शकला नाही.

तुला दिलेल्या व्याख्येला युरोपातल्या एका जुन्या भांडणाचा वास आहे, तेही सांगते. १८७१ मध्ये जर्मनीनं फ्रान्सचा पराभव करून अल्सास आणि लोरेनचा काही भाग घेतला. अल्सासमधली बहुतेक माणसं जर्मन वळणाची बोली बोलत. भाषा आमची म्हणजे माणसंही आमची, असा जर्मन विद्वानांचा दावा होता. त्या माणसांना काय हवंय, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. ११ मार्च १८८२ ला पॅरिसच्या सोर्बाँ विद्यापीठात एर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विद्वानानं 'राष्ट्र म्हणजे काय' याच प्रश्नावर व्याख्यान दिलं. वंश, भाषा, धर्म, भूगोल असा एकेक आधार त्यानं तपासला आणि बाजूला ठेवला. शेवटी दोन गोष्टी उरल्या : मागं एकत्र जे केलं आणि सोसलं त्याची आठवण, आणि पुढंही एकत्र राहायची इच्छा. ही इच्छा एकदा सांगून भागत नाही, राष्ट्राचं अस्तित्व म्हणजे रोजच्या रोज घेतलेलं मतदान आहे, असं तो म्हणाला. एकत्र सोसलेलं दुःख हे एकत्र साजऱ्या केलेल्या आनंदापेक्षा माणसांना जास्त जोडतं, कारण दुःख अंगावर कर्तव्यं टाकून जातं, हेही त्याचंच म्हणणं. मला हे सगळ्यात जास्त पटतं.

आता आमच्याकडचं सांगते. जनगणनेचं काम शिक्षकांकडं येतं. माझ्या वाट्याला आमच्या शाळेमागच्या गल्ल्या आल्या होत्या. मांडीवर फॉर्म, समोर पत्र्याच्या खोलीत अख्खं घर. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले, त्यांची मातृभाषा तेलुगू. सून गुलबर्ग्याकडची, माहेरी कन्नड. नातू माझ्याशी चोख मराठीत बोलत होता आणि भिंतीपलीकडच्या मित्राला हाक मारताना दखनी उर्दूत. विड्यांचं सूप मांडीवर घेतलेली आजी वर न बघता पानं कातरत होती. सगळी माहिती लिहून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, हे लिहून घेतलाव, आता पाणी रोज येतंय का?"

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सांगायला नकोच. पण त्या आजीच्या प्रश्नात मला तुझ्या मुद्द्यांमधल्या व्याख्येपेक्षा जास्त राष्ट्र दिसलं. दिल्लीत बसलेला कुणी आपली गणती करतोय म्हणजे तो आपलं काही देणं लागतो, हे ती गृहीत धरून बोलत होती. तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं, त्यानं तिला पाहिलेलं नव्हतं, दोघांची भाषा वेगळी होती. तरी तो संबंध तिला नक्की वाटत होता. माझी व्याख्या विचारशील तर ती हीच : ज्यांना आपण जन्मात कधी भेटणार नाही अशा माणसांचं आपण देणं लागतो, असं ज्यांना ज्यांना मनापासून वाटतं, त्या सगळ्यांचं मिळून राष्ट्र होतं. भाषेची मदत होते, धर्माची होते, सणांची होते. पण त्यांतल्या एकानंही हे देणं आपोआप उभं राहत नाही.

आणि तुझी कन्नड घरात कुठं बसते म्हणून विचारतेस? अगं, तू गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, आली असशीलच. संक्रांतीच्या दिवसांत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, असतो. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, उंचच उंच सात नंदीध्वज, तळ्याच्या काठापासून रस्त्यांपर्यंत नुसती माणसं. संमतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंत्रांचं, वाचन सुरू झालं की हातातल्या अक्षता घट्ट धरून सगळे कान देऊन उभे असतात, आणि 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' झालं की एकदम अक्षता उडतात. ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं ते सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, १२व्या शतकातले, आणि त्यांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत. मराठी म्हणवणाऱ्या या शहराचं ग्रामदैवत तुझ्या घरच्या भाषेत बोललं. त्यानं सोलापूर कमी मराठी झालं नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत तेलुगू घरं असतात, मारवाडी दुकानदार असतात, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' ही आरोळी सगळ्यांना येते.

तुझ्या भाषणाबद्दल एक सुचवते. आजीला सिद्धरामांचं किंवा बसवेश्वरांचं एखादं वचन येत असेल. सुरुवातीला ते कन्नडमध्ये म्हण, मग मराठीत त्याचा अर्थ सांग, आणि तिथून विषयाला हात घाल. अडखळणार नाहीस.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, सोलापूरलाच असतो. मुलाकडं परदेशी चार महिने राहून आलो. तिथली शिस्त, रांगा, स्वच्छता पाहून मान खाली गेली. जपानी प्रेक्षक तर फुटबॉलची मॅच संपल्यावर स्टेडियम झाडून मगच बाहेर पडतात. आपल्या लोकांना राष्ट्रीय चारित्र्य म्हणून नाहीच. ते रक्तात असावं लागतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. ती 'रक्तात' या शब्दाशी येऊन थांबली, एवढंच मला मान्य नाही. उदाहरण तुम्हीच जपानचं दिलंत, तर तिथंच थोडं थांबू.

जपानी शाळांमध्ये मुलं आपला वर्ग, जिने, व्हरांडे स्वतः झाडतात, पुसतात. हा तिथल्या शाळेच्या दिवसाचा नेमाचा भाग आहे. सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातात फडकं येतं, ते त्याची शाळा संपेपर्यंत सुटत नाही. असा माणूस मोठेपणी स्टेडियममध्ये कागद गोळा करतो, यात नवल नाही. पण तेच जपान डिसेंबर १९३७ मध्ये चीनच्या नानजिंग शहरात होतं. शहर हाती आल्यावर त्या सैन्यानं नागरिकांच्या आणि कैद्यांच्या कत्तली केल्या, बायकांवर अत्याचार केले. शिस्त तेव्हाही होती. अंगात तेच रक्त होतं. आणि ३ मे १९४७ पासून ज्या राज्यघटनेनं युद्धाचा मार्ग सोडून दिला, ती त्याच देशाची. दहा वर्षांच्या आत एका राष्ट्राची अशी दोन तोंडं दिसतात. मग त्यांतलं कोणतं त्याच्या रक्तातलं मानायचं?

त्या युद्धात समोरच्या बाजूला आपला सोलापूरकर होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, भैय्या चौकातल्या घरात. चीनवर जपानचं आक्रमण झालं तेव्हा काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीच्या जवळ, जखमी सैनिकांवर ते शस्त्रक्रिया करत राहिले. चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, १९४२ मध्ये मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२व्या वर्षी ते गेले.

त्या वेळी आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता, हे लक्षात घ्या. स्वतःचं राज्य नसलेल्या लोकांनी दुसऱ्या राष्ट्राच्या मदतीला डॉक्टर पाठवले. भारतीय राष्ट्राचा स्वभाव कसा असावा, याचं उत्तर स्वातंत्र्याआधी नऊ वर्षं देऊन झालं होतं. ते उत्तर आपण पुढं किती पाळलं हा वेगळा प्रश्न, पण तो रक्ताचा नाही, सवयीचा आणि व्यवस्थेचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ तुम्हाला आठवत असेल. आदल्या रात्री गणपती विसर्जन, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच मातीखाली गेली. सोलापुरातही घरं हलली. दुपारपर्यंत आमच्या शाळेजवळ एक ट्रक येऊन उभा राहिला होता. कारखान्यातून चादरींचे गठ्ठे येत होते, काहींच्या कडा शिवायच्या राहिल्या होत्या. माझ्या रात्रशाळेतली पोरं ते वर फेकत होती. अंगावर रात्रपाळीचा कापूस तसाच, केसांत, भुवयांत. एकाला मी विचारलं, "तुझं कुणी आहे का रे तिकडं?" तो म्हणाला, "कोण नाही बाई. थंडी वाजत असंल की ओ त्यास्नी." त्याचं घर तेलुगू, ज्या गावाला चादर जाणार ते मराठवाड्यातलं, नाव त्यानं त्या दिवशीच ऐकलेलं. त्या आठवड्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून मदत आली, जखमींना सोलापुरातही आणलं. या लोकांना चारित्र्य नाही, असं मी कसं म्हणू?

आणि तरीही तुमचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. कारण त्याच गल्लीत नळाला पाणी आलं की मोटारी सुरू होतात. थेट नळाला मोटार लावली की आपली टाकी भरते आणि लाइनच्या टोकाच्या घराला थेंब जात नाही. लावणाऱ्याला हे माहीत असतं. टोकाचं घर दिसत नाही, म्हणून चालतं. भूकंपात न दिसणाऱ्या माणसासाठी चादर देणारे आपण आणि मंगळवारी सकाळी न दिसणाऱ्या माणसाचं पाणी ओढणारेही आपणच. राष्ट्रीय चारित्र्य मी या दुसऱ्या जागी मोजते, कारण भूकंप रोज होत नाही आणि पाणी मात्र रोज लागतं.

मोटार का लागते तेही पाहायला हवं. पाणी कधी येईल, किती वेळ राहील, याचा भरवसा नसला की सज्जन माणूसही ओरबाडायला लागतो. जिथं पुरवठा वेळेवर आणि पुरेसा असतो तिथं कुणी मोटार लावत नाही, त्याला संत असावं लागत नाही. तुम्ही परदेशात रांगा पाहिल्यात. रांगेत उभं राहिलं की आपल्याला मिळणारच, हा भरवसा त्या लोकांना आहे. तो भरवसा आपण मागायला हवा, महापालिकेकडं, राज्याकडं, आणि मागताना स्वतःची मोटार काढून मागायला हवा. तुम्ही बँकेत हिशेब पाहिलेत. आपल्या प्रभागात पाणी किती येतं आणि कुठं गळतं, याचा हिशेब मागायला तुमच्यासारखा माणूस पुढं आला तर लोक मागं येतील.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, पंढरपूर. 'राज्यसंस्था' आणि 'राष्ट्र' यांतला फरक उदाहरणासह सांगाल का? क्लासच्या नोट्समध्ये फक्त व्याख्या आहेत.

उत्तर : राज्यसंस्था म्हणजे ठरावीक प्रदेश, लोकसंख्या, सरकार आणि सार्वभौम सत्ता. पोलीस, कोर्ट, कर, सीमा हे तिचं. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असं मानणारे लोक. एकाशिवाय दुसरं असू शकतं. १७९५ मध्ये शेजारच्या तीन सत्तांनी पोलंड वाटून घेतला, १९१८ पर्यंत नकाशावर त्या नावाचा स्वतंत्र देश नव्हता, पोलिश राष्ट्र मात्र होतं.

पण परीक्षेच्या उत्तरात सोलापूर लिहा, लक्षात राहील. मे १९३०. मिठाचा सत्याग्रह जोरात होता, ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव, कामगार रस्त्यावर आले. ८ मेला गोळीबार झाला, माणसं मेली, जमाव खवळला, पोलीस चौक्या आणि कोर्ट पेटवलं गेलं, पोलीसही मारले गेले. मग पोलीस शहरातून निघूनच गेले. त्यानंतर काही दिवस, १२ मेला लष्करी कायदा पुकारला जाईपर्यंत, शहरात ब्रिटिश राज्य असं उरलं नव्हतं. रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. म्हणजे त्या दिवसांत राज्यसंस्था गैरहजर होती आणि राष्ट्र हजर होतं. मग उलटं झालं. लष्करी कायद्याखाली गांधी टोपी घालणं आणि तिरंगा लावणं हा गुन्हा ठरला. राज्यसंस्था पूर्ण ताकदीनिशी हजर, आणि राष्ट्र डोक्यावरच्या टोपीत.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा अमलात आली. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. चौघांची घरं एका पंगतीत जेवणारी नव्हती, पण फाशी एकाच दिवशी गेले. रेनाँ दुःखाबद्दल जे बोलला, ते वर लिहिलंच आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे, बार्शी. घरात जातीच्या अन्यायाबद्दल बोलतो. त्याचे काका म्हणतात, ही देशाची बदनामी आहे, देशावर प्रेम असलेला माणूस असं बोलत नाही. दोघांमध्ये रोज वाद. मी काय सांगू?

उत्तर : काकांना आधी दोन माणसांची आठवण करून द्या. दोघांवरही देशप्रेम कमी असल्याचा आरोप त्यांच्या हयातीत झाला.

जोतीराव फुल्यांनी १९व्या शतकातच विचारलं होतं की शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकून-सवरून विचार करायला लायक होत नाहीत, एकमेकांत मिसळून 'एकमय लोक' होत नाहीत, तोवर इथं राष्ट्र कुठून होणार? सभा भरवणाऱ्या, राष्ट्राच्या नावानं बोलणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांचा हा प्रश्न होता. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हेच आणखी स्पष्ट केलं. हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील? सामाजिक आणि मानसिक अर्थानं आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, हे जितक्या लवकर कळेल तितकं आपल्या हिताचं, असं ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी संविधान स्वीकारलं गेलं. त्या संविधानाचा शिल्पकार आदल्या दिवशी भर सभेत म्हणतोय की राष्ट्र अजून व्हायचंय. याला बदनामी म्हणायचं का?

उद्देशिकेत 'बंधुता' आहे, ती मुलाला दाखवा. १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. मसुदा समितीनं ती घातली. तिच्यापुढं लिहिलंय की ती व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता सांभाळेल. क्रम बघा. आधी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि मग राष्ट्राची एकता. जिथं माणसाचा अपमान होतो तिथं एकता टिकत नाही, हे त्या एका ओळीत मांडून ठेवलं आहे.

माझा एक विद्यार्थी होता, हुशार, आयटीआय करून एमआयडीसीत नोकरीला लागलेला. तो आणि त्याची बायको भाड्यानं खोली शोधत होते. एका घरी खोली पसंत पडली, डिपॉझिट ठरलं, मालकीणबाईंनी चहा केला. मग त्यांनी आडनाव विचारलं. चहा अर्धा राहिला आणि खोली "पाहुणे येणार आहेत" म्हणून गेली. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो रडला नाही, चिडला नाही. आपल्याला हे घडणारच, अशा सवयीच्या आवाजात बोलला. मला राग आला तो त्या सवयीचा. त्या घरावर १५ ऑगस्टला झेंडा लागतो. मला त्या झेंड्याचं प्रेम आहे, म्हणूनच त्या घरातला तो अर्धा चहा मला सहन होत नाही.

तुमचा मुलगा बोलतो ते ऐकायला कठीण असेल, पण तो राष्ट्र मोडत नाहीये. जे अजून पुरं झालेलं नाही ते पुरं करा म्हणतोय. काकांशी वाद घालताना त्यानं आवाज खाली ठेवावा, हे मात्र जरूर सांगा. काका घरातलेच आहेत आणि त्यांना सोबत घ्यायचंय.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. सातवीच्या मुलांना एक दिवस सोलापूरला आणायचं आहे. नागरिकशास्त्राच्या दृष्टीनं काय दाखवावं?

उत्तर : गुरुजी, तीन ठिकाणं पुरेत, धावपळ नको. सकाळी चार हुतात्म्यांचे पुतळे. मुलांना चारही नावं वहीत लिहू द्या आणि १९३० ची हकीकत तिथंच, उभ्या उभ्या सांगा. मग भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक. वेळा आधी फोन करून विचारा. दुपारी डबे सिद्धेश्वर तलावाच्या काठी, शेजारीच भुईकोट किल्ला आहे, मुलांना पळायला जागा मिळते. त्यानंतर पूर्व भागातला एखादा यंत्रमाग कारखाना. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे आधी वर्गात सांगून आणा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ नका, गड्ड्याच्या गर्दीत मुलं सांभाळणं अवघड जाईल. डिसेंबर चांगला. कारखान्याच्या मालकाची आणि कामगारांची दोघांचीही परवानगी घ्या, कारण कामगाराला मीटरवर पैसे मिळतात आणि मुलांसाठी माग थांबवला तर नुकसान त्याचं होतं. आत माग सुरू असताना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा मुलांनी विचारायचे प्रश्न घरूनच लिहून आणावेत आणि जेवणाच्या सुट्टीत कामगारांना विचारावेत. त्यांच्यातले काही जण तेलुगूत उत्तर देतील. शेजारी उभा असलेला कुणीतरी मराठीत सांगतोच.